कार्डांचे भाव पुरे झाले, अदलाबदलीबद्दल पण लिहा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॅनडातल्या हॉकी कार्डांवर, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली जी कार्डं पाकिटातून विकतात त्यांच्यावर, अर्ध्या पानाचा लेख छापलात, वेन ग्रेट्स्कीच्या महागड्या रुकी कार्डाच्या फोटोसकट. नातेवाईकांचा ग्रुप, इथल्या मराठी मंडळाचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, सगळीकडून तोच फोटो माझ्याकडे आला आणि खाली प्रत्येकाचा एकच प्रश्न, "तुझ्याकडे आहे का गं हे?" नाहीये हो माझ्याकडे.

लेखातली माहिती चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही, ते आधीच सांगते. पण कोट्यवधी रुपयांचा आकडा एवढ्या मोठ्या टायपात, आणि शेवटी वर सल्ला काय तर मुलांच्या नावाने सीलबंद बॉक्स घेऊन ठेवा, पुढे सोनं होईल. तो वाचल्यावर गप्प बसवेना. मी ऑन्टॅरिओत राहते, बरीच वर्षं ही कार्डं जमवतेय, ट्रेड करते, टोरांटोच्या एक्स्पोला, म्हणजे कार्डांच्या मोठ्या प्रदर्शनाला, जाते, म्हणून चार शब्द लिहिते, लांबलं तर खुशाल कात्री लावा. (हॉकी म्हणजे बर्फावरची, एनएचएल ह्या कॅनडा-अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगवाली, हे तुमच्या लेखात सांगायचं राहिलंच होतं, माझ्या काकांना वाटलं ध्यानचंदचं कार्ड निघालं की काय.)

रुकी कार्ड म्हणजे ढोबळमानाने खेळाडूच्या पहिल्या सीझनचं पहिलं कार्ड. ढोबळमानाने अशासाठी म्हणतेय की हे गणित कित्येकदा बसतच नाही. मॉरिस रिशार १९४२ मधे मॉन्ट्रियलकडून खेळायला लागला, १९४४-४५ च्या सीझनला ५० मॅचमधे ५० गोल मारून मोकळा झाला, आणि त्याचं रुकी कार्ड कधीचं, तर १९५१-५२ चं, पार्कहर्स्ट कंपनीचं! कारण महायुद्धात कार्डं छापणं बंद पडलं ते दहाएक वर्षं नीट सुरूच झालं नाही. गॉर्डी हाउ १९४६ पासून डेट्रॉइटकडून खेळत होता, त्याचंही रुकी कार्ड त्याच सेटमधलं. म्हणजे दोघंही चांगले मुरलेले स्टार झाल्यावर "नवखे" म्हणून छापले गेले. आणि तुमच्या लेखातला हिरो वेन ग्रेट्स्की, त्याची तर वेगळीच तऱ्हा. तो आधी डब्ल्यूएचए नावाच्या दुसऱ्या लीगमधे खेळलेला, ती लीग १९७९ मधे बंद पडली आणि एडमंटन, क्विबेक, विनिपेग, हार्टफर्ड ह्या चार टीम एनएचएलमधे आल्या. तेव्हा एनएचएलने सांगितलं की हा आधीच प्रोफेशनल खेळून आलाय, सबब हा रुकी नाही. त्या सीझनला पठ्ठ्याने १३७ पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) केले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी गेली रे बोर्ककडे. आता गंमत बघा, ज्याला रुकीची ट्रॉफी मिळाली त्या बोर्कचं रुकी कार्ड पुढच्या वर्षीच्या, १९८०-८१ च्या सेटमधे, आणि जो लीगच्या लेखी रुकीच नव्हता त्याचं १९७९-८० चं कार्ड जगातलं सगळ्यात गाजलेलं हॉकी रुकी कार्ड. असल्या गोष्टी सांगत आम्ही लोक तासन् तास बसतो आणि तुमच्या अर्ध्या पानात ह्यातली एकही नाही, नुसते डॉलर.

बरं, आता डॉलरबद्दलच बोलू. ते कार्ड छापलं ओ-पी-ची नावाच्या कंपनीने. ही ऑन्टॅरिओमधल्या लंडन गावची च्युइंगगम बनवणारी कंपनी, १९३३ पासून हॉकीची कार्डं काढत होती. तेच कार्ड अमेरिकेत टॉप्स कंपनीनेही काढलं, फोटो तोच, नंबर तोच १८, पण टॉप्सचा सेट २६४ कार्डांचा आणि ओ-पी-चीचा ३९६ चा, आणि ओ-पी-चीच्या मागच्या बाजूला मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. लोक पसंत करतात ते कॅनडावालं. पुढच्या बाजूला चहूकडून निळी बॉर्डर, आणि सगळी भानगड ह्या निळ्या बॉर्डरची. पांढऱ्या बॉर्डरचा कोपरा जरा घासला तर पटकन दिसत नाही, निळ्याचा टवका उडाला की आतला पांढरा पुठ्ठा लगेच डोळ्यावर येतो. त्यात ओ-पी-चीच्या कारखान्यात कार्डांचे तक्ते तारेने कापायचे म्हणतात, त्यामुळे कडा मुळातच खरबरीत, अगदी पाकिटातून आत्ता काढलेल्या कार्डाची सुद्धा. मी एकदा असं एक कार्ड हातात घेऊन भिंगाखाली बघितलंय (माझं नव्हे, मालक शेजारी उभा होता आणि माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला). उजवीकडची बॉर्डर डावीकडच्यापेक्षा उघड उघड बारीक, खालच्या कडेला पुठ्ठ्याचे तंतू बाहेर आलेले, वरच्या एका कोपऱ्यावर पांढरा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. एवढ्यावर मार्क कापले जातात. म्हणून पीएसए ह्या ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून गुण देणाऱ्या कंपनीने, दहापैकी दहा दिलेली ओ-पी-ची ग्रेट्स्की फक्त दोन आहेत, आणि त्यातलंच एक २०२० च्या डिसेंबरमधे १२.९ लाख अमेरिकन डॉलरला आणि पुढे २०२१ मधे ३७.५ लाख डॉलरला गेलं. म्हणजे हे "ग्रेट्स्कीच्या कार्डाचे" पैसे नाहीत, त्या एका तुकड्याचे आणि त्या दहा ह्या आकड्याचे आहेत. तेच कार्ड दहाच्या खाली उतरलं की भाव कड्यावरून कोसळल्यासारखा पडतो. तुमच्या लेखात हे एका वाक्यात जरी आलं असतं तरी माझा फोन एवढा वाजला नसता.

ह्याहून भन्नाट किस्सा तर तुम्ही सोडूनच दिलात. २०२४ च्या फेब्रुवारीत एका लिलावात १९७९-८० च्या ओ-पी-चीची न उघडलेली अख्खी केस, म्हणजे बॉक्स भरलेलं खोकं, विकली गेली, सस्कॅचेवानमधल्या रजायना शहरात एका घरात इतकी वर्षं पडून राहिलेली. आत १६ बॉक्स, दहा हजारांवर कार्डं, त्यात ग्रेट्स्की पंचवीसएक तरी असावेत असा अंदाज. किंमत आली ३७.२ लाख डॉलर. आणि सगळे जाणकार सांगत होते की उघडू नका, उघडली तर किंमत जाईल! म्हणजे कार्डं आहेत, पण बघायची नाहीत, वाचायची नाहीत, कुणाला दाखवायची नाहीत, फक्त आत आहेत असं मानायचं. त्या घेणाऱ्याला शुभेच्छा, पण ह्याला कार्डं जमवणं म्हणायचं असेल तर मग मी दुसरंच काहीतरी करतेय इतकी वर्षं.

आता सीलबंद बॉक्स ठेवून द्या ह्या सल्ल्याबद्दल. असा विचार आधी कुणी केला नसेल का? केलाय ना, लाखोंनी केलाय, १९९० च्या आसपास. तोपर्यंत जुनी कार्डं महाग होण्याचं कारण साधं होतं, पोरांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, भिंतीवर फेकून फेकून खेळली, रबरबँड लावून खिशात कोंबली, आणि आईने साफसफाईत टाकून दिली, मग उरली किती? पण १९९०-९१ च्या सीझनला अपर डेक, प्रो सेट, स्कोअर सगळ्या कंपन्या एकदम हॉकीत उतरल्या, छापखाने थांबेचनात, आणि लोकांनी तर आधीच ठरवलेलं की ह्या वेळेस एकही टाकायचं नाही. सगळ्यांनी सगळं जपून ठेवलं. त्या वर्षी यारोमीर यागरचं रुकी कार्ड आलं, केवढा मोठा खेळाडू, पुढे दीड हजारावर एनएचएल मॅच खेळला, आणि त्याचं अपर डेकचं रुकी कार्ड आज साध्या स्थितीत कॉफीच्या पैशात मिळतं. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला सांगतं, घर घेतलं त्याच्या बेसमेंटमधे जुने बॉक्स सापडलेत, बघायला ये. मी जाते, चहा होतो, बॉक्स उघडते, प्रो सेट. नेहमी प्रो सेट. यजमानांचा चेहरा बघवत नाही.

आत्ताचा जो खेळ चाललाय त्याचं नाव यंग गन्स. अपर डेकच्या मुख्य सेटमधे, दर सिरीजला (म्हणजे सेटच्या दर भागाला) साधारण ५० नवोदितांची कार्डं मुद्दाम कमी छापतात, बरीच वर्षं सरासरी चार पाकिटांत एक असं प्रमाण होतं. आत्ताच्या मोठ्या खेळाडूंपैकी क्रॉस्बीचं २००५-०६ चं कार्ड २०१ नंबरचं, मॅकडेव्हिडचं २०१५-१६ चं तेही २०१, मॅथ्यूजचं २०१६-१७ चं परत २०१, ओव्हेच्किनचं ४४३. क्रॉस्बी आणि ओव्हेच्किन एकाच वर्षी आले त्याला कारण २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमधे, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या भांडणात, गेला, दोन वर्षांचे रुकी एका सेटमधे आले, तसं वर्ष परत मिळणं कठीण. हल्ली एक बरं आहे, एनएचएलच्या मॅचमधे उतरल्याशिवाय कुणाचं रुकी कार्ड निघत नाही. कॉनर बेडार्ड १० ऑक्टोबर २०२३ ला पहिली मॅच खेळला, तीही समोर क्रॉस्बी असताना, आणि त्याचं यंग गन्स त्या सीझनच्या दुसऱ्या सिरीजमधे आलं, नंबर ४५१. तेवढे महिने इथे दुकानदारांचे फोन काय वाजत होते म्हणून सांगू.

आता बॉक्सचं साधं गणित करा. एका हॉबी बॉक्समधे, म्हणजे कार्डांच्या दुकानात मिळणाऱ्या बॉक्समधे, सरासरी सहा यंग गन्स, खेळाडू ५०. म्हणजे तुम्हाला हवा असलेला एक खेळाडू निघायची शक्यता आठात एक, तीही नशीब सरासरी असेल तर. उरलेल्या सात बॉक्समधे जे निघतं त्यातल्या निम्म्या पोरांची नावं दोन वर्षांनी त्यांच्या गावाबाहेर कुणाला आठवत नाहीत. मग सरळ ते एक कार्ड विकत घ्या ना! सुटं कार्ड जवळपास नेहमी स्वस्त पडतं, पण पाकीट फाडायची जी झिंग आहे ती सुट्यात नाही, आणि कंपनी विकते ती झिंगच. मोठ्यांनी स्वतःच्या पैशाने फाडावीत हवी तेवढी, मीही फाडते. पण दहा वर्षांच्या पोराला वाढदिवसाला बॉक्स द्यायचा, तो फाडताना व्हिडिओ काढायचा, "हिट", म्हणजे भारी कार्ड, निघाला नाही की बापाचं तोंड पडलेलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

आणि कोण पुढे जाणार हे कळतं कुणाला? नेल याकुपोव्ह २०१२ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे टीम नवी पोरं क्रमाने निवडतात त्यात, पहिल्या नंबरला गेला, त्याच्या कार्डांवर लोक तुटून पडले होते, २०१८ नंतर तो एनएचएलमधे दिसला नाही. १९९३ चा पहिल्या नंबरचा अलेक्झांडर दैग, तोच प्रकार. उलट पाव्हेल दात्स्युक १७१ वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, आत्ताचा किरिल काप्रिझोव्ह १३५ वा. ज्यांचा धंदाच खेळाडू पारखायचा आहे ते स्काउट जिथे असे गंडतात तिथे आपण फोनवर व्हिडिओ बघून काय ओळखणार? आणि ह्यातली मला सगळ्यात किळसवाणी वाटणारी गोष्ट म्हणजे एकोणीस वर्षांचं पोरगं, गुडघा दुखावला म्हणून सीझन गेला, आणि चाळिशीचे बाप्ये त्याला शिव्या घालतायत, का, तर ह्यांच्याकडच्या कार्डाचा भाव उतरला. तो पोरगा तुमचा शेअर नाहीये हो, त्याला बरं तर होऊ दे.

ह्या सगळ्यात मला ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते म्हणजे ट्रेड. अदलाबदल. महिन्यातून एकदा संध्याकाळी कार्डाच्या दुकानात किंवा कम्युनिटी सेंटरमधे टेबलं मांडतात, तिथे प्रत्येकजण आपापला बाईंडर घेऊन येतो, नऊ खणांची प्लॅस्टिकची पानं, चांगलं कार्ड आधी पातळ स्लीव्हमधे, मग कडक टॉपलोडरमधे, वर निळ्या पेंटर टेपची चिकटपट्टी आणि टेपचं टोक दुमडलेलं, म्हणजे पुढच्याला नखाने ओरबाडायला लागू नये. हे टोक दुमडणं ज्याला माहीत आहे तो माणूस जुना, हे लगेच कळतं. नियम कुठे लिहिलेले नसतात पण असतात. दुसऱ्याच्या बाईंडरमधून कार्ड स्वतः काढायचं नाही, "बघू का" विचारायचं. समोरच्याला जे हवंय ते आपल्याकडे आहे म्हणून अडवून धरायचं नाही, आणि लहान पोरांशी ट्रेड करताना त्यांच्या बाजूला थोडं झुकतं माप द्यायचं, नाही दिलं तर बाकीचे बघत असतात आणि पुढच्या वेळेला तुमच्या टेबलाशी कुणी फिरकत नाही.

मागे तिथे एक मुलगी यायची, दहा-अकरा वर्षांची, फक्त गोलकीपर जमवायची. स्वतः गोलकीपर होती म्हणून. तिला पाकिटात मॅथ्यूजचं काहीतरी बऱ्यापैकी कार्ड निघालेलं, ते तिने एका म्हाताऱ्या आजोबांना दिलं आणि बदल्यात घेतलं काय, तर पॅट्रिक रॉयची जुनी कार्डं मूठभर, एकही रुकी नाही, दोनाचे तर कोपरे मऊ झालेले. तिच्या मागे उभा असलेला एक दादा लगेच फोनवर शेवटच्या विक्रीचे भाव काढून "अगं तू फसलीस" म्हणायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं पण नाही, एका कार्डावर रॉय खाली पसरून पॅड लावून बसलेला होता ते ती आईला दाखवत होती, "बघ, हे असं करायचं असतं." कोण फसलं ह्यात? आजोबा त्यांच्या टोरांटोच्या सेटसाठी मॅथ्यूज शोधत होते, तिला रॉय हवा होता, दोघं खुश. पण हल्ली तो फोनवाला दादाच जास्त दिसतो. पूर्वी बेकेटचं छापील भावांचं मासिक असायचं, भाव महिन्यातून एकदा बदलायचे, तोवर माणसं एकमेकांशी बोलायची तरी. आता दर ट्रेडला आधी दोघंही माना खाली घालून ईबेवर शेवटची विक्री बघतात, मग डॉलरला डॉलर जुळवतात, आणि चार डॉलरचा फरक राहिला म्हणून ट्रेड मोडतात. अरे मग दुकानातच जा ना, बाईंडर कशाला वागवता?

ग्रेडिंगबद्दल फार लिहीत नाही. कार्ड पाठवा, पैसे भरा, वाट बघा, ते प्लॅस्टिकच्या डब्यात बंद होऊन आकडा लावून येतं, त्याला स्लॅब म्हणतात. २०२१ मधे लोकांनी एवढी कार्डं पाठवली की पीएसएला काही महिने स्वस्तातलं काम घेणंच थांबवायला लागलं. महागडं जुनं कार्ड असेल तर ग्रेडिंग उपयोगी आहे, कारण ग्रेट्स्कीची नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत आणि नवशिक्याला ती ओळखता येत नाहीत. एक खूण सांगून ठेवते, भिंगाखाली नावाची अक्षरं बघा, अस्सल छपाईत अक्षर सलग भरीव असतं, स्कॅन करून छापलेल्या नकलेत त्या अक्षरातही ठिपके दिसतात. पण पाच डॉलरच्या कार्डाला त्याच्या कैकपट पैसे घालून डब्यात कोंडणारे बघितले की हसावं का रडावं कळत नाही.

जे आईबाप लेख वाचून मला विचारतायत "मग सुरुवात कुठून करू", त्यांना माझं एकच म्हणणं, शरद ऋतूत टिम हॉर्टन्समधे ड्रिंकबरोबर कार्डांचं छोटं पाकीट मिळतं, ते घ्या. अपर डेकचीच असतात, दिसायला झकास, आणि त्या दिवसांत कुठेही डबल झालेली कार्डं घेऊन बसा, शेजारच्या टेबलावरचं पोरगं विचारतंच, काय काय आहे तुझ्याकडे. नऊ खणांची पानं आणि एक बाईंडर, बास. रबरबँड नको, लॅमिनेशन तर मुळीच नको (करतात हो लोक!), ओल्या फडक्याने पुसणं नको. आणि एखादा विषय धरा, टीम, गोलकीपर, एखाद्या गावचे खेळाडू, काहीही. मी भारतीय वंशाचे खेळाडू जमवते. रॉबिन बावा हा एनएचएलमधे खेळलेला पहिला, १९८९-९० मधे वॉशिंग्टनकडून, मग १९९८ मधे सातव्या नंबरला ड्राफ्ट झालेला मॅनी मल्होत्रा, मग जुझार खैरा, आत्ता अर्शदीप बैन्स, हे शेवटचे दोघंही ब्रिटिश कोलंबियातल्या सरी गावचे. ह्यांच्या बहुतेक कार्डांना कुणी काही भाव देत नाही, एक-दोन डॉलरच्या पेटीत सापडतात, आणि म्हणूनच मला शोधायला मजा येते कारण भाववाले त्या पेटीशी येतच नाहीत.

तेव्हा संपादक साहेब, पुढच्या वेळेस कुठलं कार्ड कितीला गेलं ते छापा, जरूर छापा, बातमीच आहे ती. पण त्याच पानावर एखादा कोपरा अदलाबदलीला द्या, कॅनडात आणि अमेरिकेत तुमचे वाचक कमी नाहीत, कुणाकडे काय डबल आहे आणि कुणाला काय हवंय एवढं छापलंत तरी पुष्कळ. सुरुवात माझ्यापासून करा. हवंय: मॅनी मल्होत्राची १९९८-९९ ची रुकी कार्डं, न्यूयॉर्क रेंजर्सच्या जर्सीतली, कोपरे थोडे मऊ असले तरी चालतील, स्लॅब नको. द्यायला: गोलकीपर भरपूर, नव्वदपासून आत्तापर्यंतचे. यागर १९९०-९१ हवे तितके घ्या, ते ट्रेडमधे धरणार नाही, असेच देईन.

आपली एक वाचक,
ऑन्टॅरिओ, कॅनडा